आतड्याच्या कर्करोगातली प्रथिनं: रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

सीईए (कार्सिनोएम्ब्रियोनिक अँटिजेन, रक्तात मोजलं जाणारं एक प्रथिन) नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होणं, ही पहिली चूक. 1965 साली मॉन्ट्रियलच्या फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांना हे प्रथिन मोठ्या आतड्याच्या गाठींत सापडलं, तेव्हा निदानाची सोपी रक्तचाचणी मिळाली असं वाटलं होतं. तसं झालं नाही. सुरुवातीच्या टप्प्यात सीईए बऱ्याचदा वाढतच नाही. उलट सिगारेट ओढणाऱ्यांत, यकृताच्या आजारात किंवा स्वादुपिंडाला सूज असताना कर्करोग नसूनही तो वाढतो. शौचातून रक्त जात असेल तर कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं आतड्याची तपासणी, हवी. निदान बायोप्सीवरच ठरतं.

सीईएचा खरा उपयोग नंतरच्या पाठपुराव्यात आहे. पण त्यासाठी ऑपरेशनआधीचा आकडा लागतो आणि नेमका तोच घ्यायचा राहून जातो. मग पुढच्या आकड्यांची तुलना कशाशी करणार? ऑपरेशननंतर आठवड्याभरात तपासून घाबरूही नका. पातळी खाली यायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. ऑक्झॅलिप्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध सुरू केल्यावरही सुरुवातीला सीईए काही काळ चढू शकतो, त्यामुळे लगेच ‘औषध लागू पडत नाही’ म्हणू नये. आणि दर वेळी एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीनं तपासा. दोन वेगळ्या किटचे आकडे शेजारी ठेवून चढउतार काढणं व्यर्थ आहे.

गाठीच्या तुकड्यावरच्या आयएचसीत, म्हणजे अँटिबॉडी लावून प्रथिन रंगवण्याच्या चाचणीत, घोटाळे वेगळे. एमएलएच1, पीएमएस2, एमएसएच2, एमएसएच6 या डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांपैकी एखादं गाठीत रंगलं नाही, तर आधी त्याच स्लाइडवरच्या लिम्फोसाइटकडे, म्हणजे निरोगी पांढऱ्या पेशींकडे बघा. त्यांची केंद्रकंही कोरी असतील तर दोष गाठीचा नाही, तंत्राचा. बहुधा तुकडा फॉर्मालिनमध्ये उशिरा किंवा अपुरा वेळ ठेवलेला असतो. एमएलएच1 खरोखर गायब असलं, तरी लगेच लिंच सिंड्रोमचा, म्हणजे आनुवंशिक कर्करोग-प्रवणतेचा, शिक्का मारू नका. जनुकाच्या मेथिलेशनमुळेही (जनुकावर बसणाऱ्या रासायनिक खुणेमुळे) ते बंद पडतं, म्हणून आधी बीआरएएफ जनुकातला बदल किंवा मेथिलेशन तपासतात.

पी53 या गाठी रोखणाऱ्या प्रथिनाबाबत तर ‘निगेटिव्ह’ वाचून हुश्श करणारे मला नेहमी भेटतात. पेशींत ते गच्च भरलेलं दिसणं जितकं संशयास्पद, तितकंच अजिबात न दिसणंही. बीटा-कॅटेनिन या प्रथिनाचं आणखी निराळं: ते पेशीच्या कडेला असणं स्वाभाविक, पण केंद्रकात शिरलेलं असणं स्वाभाविक नाही. नुसतं ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेलं असेल तर कुठे पॉझिटिव्ह, हे पॅथॉलॉजिस्टला विचारा.