सत्तरीच्या डोंगरात सायकल नेताना: आधी ब्रेकचे पॅड

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी झाली, पाऊस उणावला, की आमच्यात गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात सायकली काढायच्या गोष्टी सुरू होतात. यंदा दोघे नवे येणार आहेत. काय काय घ्यायचं असं त्यांनी विचारलं, म्हणून बसून लिहितोय. सगळ्यात आधी एकच गोष्ट: ब्रेक पॅडच्या, म्हणजे चाकावरच्या लोखंडी चकतीला (डिस्कला) दोन्ही बाजूंनी चिमटून धरणाऱ्या छोट्या पट्ट्यांच्या, जादा जोड्या. एक पुढच्या चाकाची, एक मागच्या चाकाची. पुढचं काही वाचलं नाही तरी चालेल, पण हे पिशवीत टाकल्याशिवाय घराबाहेर पडू नका.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही तिघे केरीहून अंजुणे धरणाच्या बाजूने डांबरी रस्त्याने चोर्ला घाट चढलो आणि परतताना काजूच्या बागायतींतल्या मातीच्या वाटा धरल्या. आदल्या रात्री परतीचा पाऊस पडून गेला होता. इथली माती म्हणजे जांभ्याचा चुरा. ओली झाली की तो रवाळ तांबडा चिखल चाकाबरोबर वर येतो, डिस्क आणि पॅडच्या मध्ये बसतो आणि पॉलिश पेपर मारल्यासारखा पॅड खरवडत राहतो. निघताना माझे पॅड अर्धे शिल्लक होते. कोरड्या रस्त्यावर आणखी काही महिने आरामात गेले असते, त्या उतारावर एक सकाळसुद्धा पुरले नाहीत. शिवाय हायड्रॉलिक ब्रेकचा लिव्हर झिजेप्रमाणे आपोआप जुळवून घेतो, त्यामुळे पॅड संपत आल्याचं हाताला कळतच नाही. मला कळलं ते आवाजाने. लोखंडावर लोखंड घासल्याचा खर्रर्र आवाज, आणि पाठोपाठ पॅडमधली बारीक स्प्रिंग चुरगळून डिस्कमध्ये अडकली. मागचा ब्रेक गेला म्हणून सगळा भार पुढच्यावर टाकला, थोड्या वेळात तोही तसाच खरखरायला लागला. उताराच्या टोकाला कुळागराचा, म्हणजे सुपारीच्या बागेचा, चिऱ्यांचा बांध होता. सायकल आडवी टाकली म्हणून कोपर सोलवटण्यावर निभावलं.

सोबतच्या दोघांपैकी एकाकडे जादा पॅड होते. ते माझ्या कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड धरणाऱ्या ब्रेकच्या चिमट्यात, बसेनात. तीन सायकली, तीन आकाराचे पॅड! पुढे वाळपईत दुकान गाठलं, तिथेही माझ्या आकाराचे नव्हते, आणि दुकानदाराची त्यात काही चूक नाही, कारण हे आकार कंपनीगणिक आणि मॉडेलगणिक बदलतात. तिथवर सायकल हाताने ढकलत आलो ते वेगळंच. म्हणून 'कोणाकडे तरी असतील' हे चालणार नाही. प्रत्येकाने आपल्या ब्रेकचे, आपल्या आकाराचे, आपल्या पिशवीत.

कोणते घ्यायचे? रेझिनचे पॅड आवाज करत नाहीत, चांगले पकडतात, पण ओल्या चिखलात भराभर झिजतात. धातूमिश्रित, म्हणजे सिंटर्ड, कुरकुर करतात पण टिकतात. आपल्याकडे पावसाच्या आगेमागे जायचं तर सिंटर्डच. मात्र आधी डिस्क पुसून तिच्यावर काय कोरलंय ते वाचा. स्वस्त डिस्कवर बारीक अक्षरांत 'रेझिन पॅड ओन्ली' असं लिहिलेलं असतं. तसं असेल तर सिंटर्ड लावू नका, डिस्कच खाऊन टाकतील. मग रेझिनच्याच दोन जोड्या जास्त घ्या. चालू पॅड किती उरलेत तेही निघण्याआधी काढून बघायचं, वरून डोकावून नव्हे. शिमानो आणि श्रॅम या ब्रेक बनवणाऱ्या कंपन्या. शिमानोच्या पॅडवरचा मसाला ०.५ मिलिमीटरवर आला की ते बदलायचे असतात. श्रॅमचे मागच्या पत्र्यासकट ३ मिलिमीटरपेक्षा कमी भरले की बदलायचे. डोंगरात जाताना मी एवढी वाट बघणार नाही. अर्धे झिजलेले दिसले की नवे लावायचे आणि जुने तात्पुरत्या उपयोगाला पिशवीत ठेवायचे.

आणि नुसते घेऊन उपयोग नाही, घरी एकदा बदलून बघा. चाक काढायचं, पॅड अडकवून ठेवणारी स्प्लिट पिन सरळ करून ओढायची किंवा स्क्रू असेल तर ऍलन कीने सोडवायचा, जुने पॅड बाहेर. पॅडला ढकलणाऱ्या पिस्टनच्या कडेचा चिखल पुसून घ्यायचा, आणि मग प्लास्टिकच्या टायर लिव्हरने दोन्ही पिस्टन हळूहळू आत दाबायचे. नवा पॅड जाड असतो, पिस्टन मागे गेले नाहीत तर डिस्क आतच शिरत नाही. चाक बाहेर असताना ब्रेकचा लिव्हर चुकूनसुद्धा दाबू नका, पिस्टन बाहेर येऊन बसतात आणि रानात ते निस्तरणं फार कठीण. स्प्लिट पिन एक जादा ठेवा. जुनी सरळ करताना मोडते आणि गवतात पडली की सापडत नाही. नवे पॅड लावले की लगेच उताराला लागायचं नाही. सपाटीवर वेग घ्यायचा, थांबत आणायचं पण चाक जाम करायचं नाही, असं वीसेक वेळा. तोवर ते धरत नाहीत.

आता बाकीचं. टायर ट्यूबलेस असेल तर आतलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव, ताजं आहे का बघा, आपल्या उकाड्यात ते काही महिन्यांत सुकून जातं. तरी एक ट्यूब हवीच. हवा रस्त्यापेक्षा बरीच कमी. माझं वजन ७० किलो, रुंद ट्यूबलेस टायरात मी २५ पीएसआयच्या आसपास ठेवतो, म्हणजे जांभ्याच्या सुट्या खड्यांवर चाक जरा तरी धरतं. डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला अडकवणारा तुकडा, आपल्या फ्रेमचा. चेन तुटली तर जोडायची कडी, म्हणजे क्विक लिंक. पंप, ऍलन की, हेल्मेट, हातमोजे हे सांगायला नको. पाणी तीन लिटर, ओआरएसची पाकिटं, केळी, आणि सकाळी पोदेराकडून (पाववाल्याकडून) घेतलेले उंडे पाव.

वाटांबद्दल मात्र नीट ऐका. म्हादई अभयारण्य १९९९ साली जाहीर झालं, २०८ चौरस किलोमीटरचं आहे, आणि सत्तरीतल्या कितीतरी वाटा नकळत त्याच्या हद्दीत शिरतात. वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जायचं नाही. गावातल्या कोणी 'जा रे, काय होत नाही' म्हटलं तरी नाही. काजूच्या बागायती आणि कुळागरं लोकांची आहेत. विचारून जायचं, पाटाच्या बांधावरून सायकल चालवायची नाही, कारण तो फुटला तर सुपारीचं पाणी तुटतं. सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, जाताना जुन्या चिरेखाणींची भीती आहे. चिरे कापून नेल्यावर उभ्या कडांचे खड्डे तसेच राहतात, पाण्याने भरतात, आणि ऑक्टोबरात गवत एवढं वाढलेलं असतं की कड दिसतच नाही. पायवाट सोडून सड्यावर मोकाट सायकल हाणायची नाही, कितीही सपाट दिसला तरी. आणि ओल्या कातळावरच्या शेवाळावर ब्रेक लावायचा नाही, ब्रेक आधीच लावून घ्यायचा. त्यासाठी ब्रेक असायला हवेत, त्यासाठी पॅड.

गवा वाटेत उभा असेल तर थांबायचं, आवाज न करता मागे फिरायचं. पहाटे आणि तिन्हीसांजेला ते उघड्यावर येतात, म्हणून त्या वेळी आपण वाटेवर नसावं. पानांच्या थरात हात घालू नका, घोणस असते. साप चावलाच तर पट्टा आवळणं, कापणं काही करायचं नाही. माणसाला हलू द्यायचं नाही आणि १०८. मोठं काही असेल तर बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) न्यावं लागतं आणि ते अंतर कमी नाही. आत रेंज जाते, तेव्हा नकाशा आधी फोनमध्ये उतरवून ठेवा आणि घरी कोणत्या वाटेने जाताय ते सांगून या.

गोचिडांकडे दुर्लक्ष नको. माकडताप त्यांच्यामुळे पसरतो, आणि सत्तरीत पाली गावात २०१५ साली त्याचे रुग्ण सापडले होते. पाऊस संपल्यापासून मे महिन्यापर्यंत सांभाळायचं. लांब बाह्या, मोजे पँटवर ओढून घेतलेले, उघड्या त्वचेला गोचीड पळवणारं तेल. इथे पुन्हा पॅड आले बघा. तेल लावलेले हात डिस्कला किंवा पॅडला लागले की ते पॅड बाद, घासूनपुसून सहसा सुधारत नाहीत. जळवांसाठी पायाला खोबरेल लावत असाल तर तेच. आधी सायकलचं काम, मग तेल, मग साबणाने हात. चेनला तेल घालतानाही फवारा नको, थेंब थेंब. जादा पॅड झिपच्या वेगळ्या पिशवीत ठेवा, तेलाच्या बाटलीशेजारी नको.

दुपारी दोनला परतीला लागायचं. दाट झाडीत साडेपाचलाच अंधारतं, म्हणून पुढचा दिवा चार्ज करून घ्या. उतरायच्या आधी माथ्यावर थांबून दोन्ही पॅड बघायचे, सगळ्यांनी. पातळ वाटले तर तिथेच बदलायचे, खाली जाऊन नव्हे.

घरी आल्यावर सायकल साध्या पाण्याने धुवा, बेअरिंगवर जोराचा फवारा नको. कपडे बाहेरच काढा, काखेत, गुडघ्यामागे गोचीड बघा. आठवड्याभरात ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं सांगा. पिशवीतून किती पॅड गेले ते मोजा आणि पुढची जोडी त्याच रात्री मागवा, यायला चार-पाच दिवस लागतात.