अंत्यविधीचे काम कोणाकडे सोपवावे: आधीच करून ठेवायची तयारी

तात्या गेले तेव्हा अंत्यविधीची सगळी व्यवस्था आम्ही दवाखान्याच्या दारात भेटलेल्या पहिल्या माणसाकडे सोपवली आणि ती चूक तिसऱ्या दिवशी कळली. घरात कोणी अंथरुणाला खिळलेले असेल तर ही चौकशी आजच करून ठेवावी. अभद्र बोलू नये म्हणून गप्प बसण्यात अर्थ नाही, कारण निरोप बहुधा पहाटे येतो आणि त्या वेळी घरातला पक्का हिशेबी माणूससुद्धा समोरचा म्हणेल त्याला मान डोलावतो.

प्रथम स्मशानभूमी कोणाच्या ताब्यात आहे ते विचारावे: नगरपालिका, ग्रामपंचायत, ट्रस्ट की ठेकेदार. लाकूड आणि शेणी तिथेच मिळतात की बाहेरून आणाव्या लागतात, आणि रात्री दहन होते का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे. कळक, मडके, सुतळी, कापड यांची यादी करत बसू नये, साहित्याच्या दुकानदाराला ती पाठ असते. शववाहिकेचे भाडे मात्र जाऊन-येऊन ठरवावे आणि थांबण्याचे पैसे वेगळे आहेत का तेही विचारावे. पुण्या-मुंबईची माणसे येईपर्यंत मृतदेह थंड ठेवणारी शवपेटी लागणार असेल तर तिचा दर तासावर की दिवसावर, हे बोलून घ्यावे. ‘पैशांचं नंतर बघू, तुम्ही काळजी करू नका,’ असे म्हणणाऱ्याला काम देऊ नये. आमचा माणूस नेमका हेच म्हणाला होता.

एका चितेला साधारण ३०० ते ४०० किलो लाकूड लागते. पावसाळ्यात ओले लाकूड वजनाला भरते आणि पैसे पाण्याचे जातात, म्हणून दोन ओंडके एकमेकांवर आपटून पाहावेत: वाळलेले खणखणतात, ओल्यांचा बद्द आवाज येतो. चौथऱ्यावर छप्पर आहे का, हे आषाढात नव्हे तर उन्हाळ्यातच जाऊन पाहावे. छातीत पेसमेकर असेल तर तो डॉक्टरांकडून काढून घ्यावा, कारण आगीत त्याची बॅटरी फुटते.

आता आमच्याकडून राहिलेली गोष्ट. अग्नी दिल्यावर स्मशानभूमीतून निघण्यापूर्वी पावतीवर चौथऱ्याचा क्रमांक आणि सावडण्याचा दिवस व वेळ लिहून घ्यावी. आम्ही पावतीच घेतली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दुधाचा तांब्या आणि स्टीलचा डबा घेऊन गेलो, तर त्या चौथऱ्यावर दुसऱ्याच कुणाची रक्षा अजून गरम होती. भिंतीशी तीन ढीग ओढून ठेवले होते. तिथल्या कामगाराने मधल्या ढिगाकडे बोट दाखवले आणि म्हणाला, ‘बहुतेक हाच.’ त्याला तरी काय दोष द्यायचा? रात्रीतून दोन मयती आल्या होत्या आणि आम्ही कधी येणार, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. म्हणून काम देण्यापूर्वीच स्पष्ट विचारावे: सावडेपर्यंत रक्षा कोणाच्या जबाबदारीवर राहील, आणि मध्येच चौथरा रिकामा करावा लागला तर घरी फोन कोण करील? याचे उत्तर देताना जो चाचरतो, तो बाकी कितीही गोड बोलत असला तरी त्याला नमस्कार करावा. विजेची किंवा गॅसची दाहिनी असेल तर रक्षा त्याच दिवशी हाती येते, पण तिथेही डब्यावर नाव लिहून घ्यावे. पुन्हा सांगतो, क्रमांक लिहून घ्यावा. ‘कोपऱ्यातला’, ‘पिंपळाजवळचा’ अशा खुणा चालत नाहीत. आम्हालाही कोपरा आठवत होता.

त्याच पावतीवर मृताचे नाव आधार कार्डावर आहे तसेच लिहून घ्यावे. तात्या, अण्णा ही घरातली नावे कोणीतरी घाईत सांगून मोकळा होतो आणि पुढे सातबाऱ्यावर वारस नोंद लावताना, बँकेत, विम्यात तीच नडतात. डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्यावा: दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर नमुना ४, घरी झाला असेल तर नमुना ४अ. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, जिथे दहन झाले तिथे नाही. पुण्यात गेलेल्या माणसासाठी गावच्या ग्रामपंचायतीत खेटे घालू नयेत. मुदत २१ दिवसांची आहे. अपघात असेल तर पंचनामा आणि शवविच्छेदन आलेच, तिथे घाई करून उपयोग नाही.

पुढचे थोडक्यात. मृत्यू नोंदीच्या दाखल्याच्या जास्तीच्या प्रती एकदमच घ्याव्यात. पैसे दिल्याची नोंद ठेवावी. दहाव्याचे भटजी घरचे असतातच. रक्षा साताऱ्याजवळच्या संगम माहुलीला न्यायची असेल तर पावसाळ्यात कृष्णा-वेण्णेचे पाणी पाहून निघावे. आणि पावती खिशात घालण्यापूर्वी तिचा मोबाइलवर फोटो काढून घरातल्या दोघांना पाठवावा, चौथऱ्याचा क्रमांक नीट वाचता येईल असा.