प्रवेशाआधी तपासा: पदवी नेमकी कोण देणार?

माहितीपुस्तिका हातात आली की आधी एकच शोधा: पदवी प्रमाणपत्रावर नाव कुणाचं असेल? विद्यापीठ अनुदान आयोग कायदा, १९५६ च्या कलम २२ नुसार पदवीचा अधिकार तिघांनाच आहे: केंद्र किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठं (खासगी विद्यापीठंही यातच), कलम ३ खाली विद्यापीठाचा दर्जा मिळालेली अभिमत (डीम्ड) विद्यापीठं आणि आयआयटीसारख्या संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्था.

खरी गफलत होते ती 'स्वायत्त' या शब्दाने. स्वायत्त महाविद्यालय अभ्यासक्रम ठरवतं, परीक्षाही घेतं. पदवी मात्र ते ज्या विद्यापीठाशी संलग्न आहे, ते विद्यापीठच देतं. म्हणून संलग्नता महाविद्यालयाच्या फलकावर नव्हे, विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाहा, तीही तुमच्याच अभ्यासक्रमाची आणि याच वर्षाची. एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) मान्यता वेगळी. तिच्यामुळे पदवीचा अधिकार मिळत नाही. आयोगाची बनावट विद्यापीठांची यादी शुल्क भरण्यापूर्वी बघाच.