ब्रिटनच्या डोंगरांत चालायला जाताना: कोणत्या संस्थेकडे कशासाठी जावे

ब्रिटनमधील डोंगर उंचीने फारसे मोठे नाहीत. स्कॉटलंडमधील बेन नेव्हिस १,३४५ मीटर, वेल्समधील स्नोडन १,०८५ मीटर आणि इंग्लंडमधील स्कॅफेल पाइक अवघे ९७८ मीटर, आणि नेमक्या याच आकड्यांमुळे नवखा माणूस गाफील राहतो. अटलांटिकवरून येणारा जोराचा वारा, पाहता पाहता उतरणारे धुके, अंगातली ऊब काढून घेणारा पाऊस आणि डिसेंबरात दुपारी चारच्या आसपास मावळणारा दिवस, हे सगळे एकत्र आले की हजार मीटरचा डोंगरही जिवावर बेतू शकतो. मदतीसाठी संस्था भरपूर आहेत, मात्र त्यांचा कारभार एकत्र नाही. शिकवणारी संस्था निराळी, हवामान सांगणारी निराळी, बचाव करणारी निराळी आणि त्यातही स्कॉटलंडची व्यवस्था इंग्लंड-वेल्सपासून वेगळी. म्हणून कोणत्या टप्प्यावर कोणाचे दार ठोठवायचे, हे घरी असतानाच ठरवलेले बरे.

सुरुवात सदस्यत्वापासून करता येते. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९४४ साली स्थापन झालेली ब्रिटिश माउंटेनियरिंग कौन्सिल, स्कॉटलंडमध्ये माउंटेनियरिंग स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडसाठी माउंटेनियरिंग आयर्लंड या गिर्यारोहकांच्या आणि डोंगरात पायी भटकणाऱ्यांच्या प्रातिनिधिक संस्था आहेत. ब्रिटिश माउंटेनियरिंग कौन्सिल आणि माउंटेनियरिंग स्कॉटलंड यांच्या सदस्यत्वात आपल्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाल्यास उपयोगी पडणारा विमा असतो. तो स्वतःच्या अपघाताचा विमा नव्हे, हे लक्षात ठेवावे. ब्रिटनमध्ये डोंगरातील बचावासाठी पैसे आकारले जात नाहीत, पण त्याच सवयीने आल्प्समध्ये विम्याशिवाय जाणे महागात पडते. विम्यापेक्षाही या संस्थांचा मोठा उपयोग म्हणजे त्यांच्याशी जोडलेले स्थानिक क्लब, कारण अनुभवी माणसांबरोबर चालण्याची संधी तिथे सहज मिळते.

प्रशिक्षणाची चौकट माउंटन ट्रेनिंग ही संस्था ठरवते. तिचे हिल स्किल्स आणि माउंटन स्किल्स हे दोन अभ्यासक्रम सामान्य चालणाऱ्यांसाठी आहेत. दोन्ही साधारण दोन दिवसांचे असून त्यांना परीक्षा नसते. पहिला गोलसर टेकड्या आणि माळरानांवर चालणाऱ्यांसाठी आहे, तर दुसरा खडकाळ, तीव्र उताराच्या डोंगरांसाठी आहे. केवळ नकाशावाचन पक्के करायचे असेल तर नॅशनल नॅव्हिगेशन अवॉर्ड स्कीममध्ये कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशा तीन पायऱ्या आहेत. निवासी प्रशिक्षण हवे असल्यास वेल्समधील कॅपेल क्युरिग येथील प्लास इ ब्रेनिन आणि स्कॉटलंडमधील एव्हिमोरजवळील ग्लेनमोर लॉज ही राष्ट्रीय केंद्रे आहेत. हिवाळ्यात जायचे असेल तर हिवाळी कौशल्यांचा स्वतंत्र अभ्यासक्रम टाळू नये. घसरत असताना आइस अॅक्स (बर्फासाठीची लहान कुदळ) बर्फात रोवून स्वतःला थांबवणे हे वाचून येत नाही. सुरक्षित उतारावर पुन्हा पुन्हा पडूनच, अंगवळणी पडेपर्यंत, ते शिकावे लागते. माझे स्पष्ट मत असे की महागडे जाकीट घेण्याआधी तेवढेच पैसे नकाशा आणि होकायंत्राच्या प्रशिक्षणावर खर्च करावेत.

पैसे देऊन मार्गदर्शक घ्यायचा असेल तर त्याची पात्रता विचारण्यात संकोच करू नये. ब्रिटनच्या डोंगरांत गट नेण्यासाठी माउंटन लीडर ही प्रचलित पात्रता आहे. तिच्यासाठी उमेदवाराला प्रशिक्षणापूर्वी किमान २० आणि मूल्यमापनापूर्वी किमान ४० दर्जेदार दिवस, म्हणजे कौशल्याचा कस लागणारे दिवस, डोंगरात काढल्याची नोंद दाखवावी लागते. मात्र ही पात्रता हिवाळी परिस्थितीसाठी पुरत नाही; त्यासाठी विंटर माउंटन लीडर ही वेगळी पात्रता आहे. हा भेद कागदोपत्री वाटू शकतो, परंतु नोव्हेंबर १९७१ मध्ये स्कॉटलंडमधील केर्नगॉर्म पठारावर हिमवादळात सापडलेल्या शालेय गटातील पाच मुले आणि एक शिकाऊ नेता अशा सहा जणांचा मृत्यू झाला, आणि लहान मुलांना हिवाळ्यात डोंगरावर नेणाऱ्याकडे कोणती पात्रता असावी, हा प्रश्न त्यानंतर साऱ्या देशाने गांभीर्याने घेतला.

प्रत्यक्ष जायच्या आदल्या दिवशी अॅडव्हेंचरस्मार्ट या मोहिमेचे तीन प्रश्न स्वतःला विचारावेत: आजच्या वाटेसाठी लागणारे ज्ञान आणि कौशल्य माझ्याकडे आहे का, हवामान कसे असणार हे मला ठाऊक आहे का, आणि योग्य साहित्य माझ्याजवळ आहे का. यांतील दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शहराच्या हवामान अंदाजात सापडत नाही. त्यासाठी माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस किंवा मेट ऑफिसचा, म्हणजे ब्रिटनच्या हवामान खात्याचा, खास डोंगरांसाठीचा अंदाज पाहावा. पहिल्या सेवेच्या पानावर शिखरांवरील वाऱ्याचा वेग, त्या वाऱ्याचा चालणाऱ्यावर होणारा परिणाम, शिखरे ढगांबाहेर राहण्याची शक्यता आणि पाणी गोठण्याची उंची हे स्वतंत्रपणे दिलेले असते. पाऊस किती पडणार हे सगळेच पाहतात, पण वाऱ्याच्या परिणामाची ओळ आधी वाचावी, कारण कड्याच्या धारेवरून चालायचे की खोऱ्यातून, याचा निर्णय बहुतेक वेळा तीच करते. स्कॉटलंडमध्ये हिवाळ्यात जाणाऱ्यांनी यात स्पोर्टस्कॉटलंड अॅव्हलँच इन्फर्मेशन सर्व्हिसचा अंदाज जोडावा. लोखॅबर, ग्लेनको, टॉरिडन, क्रेग मेगी आणि केर्नगॉर्म्सचे उत्तर व दक्षिण भाग अशा क्षेत्रांसाठी हिमस्खलनाचा धोका कोणत्या उंचीवर आणि कोणत्या दिशेच्या उतारावर आहे, हे तो सांगतो.

वेळेचा हिशेब करताना १८९२ साली विल्यम नेस्मिथ यांनी मांडलेला नियम अजूनही कामी येतो: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. त्यात विश्रांती धरलेली नसते, म्हणून आपली भर घालावी. दिशांचे कोनही घरीच काढून लिहून घ्यावेत. बेन नेव्हिसच्या माथ्याचे उदाहरण बोलके आहे. धुक्यात किंवा बर्फात उतरताना माथ्यावरील सर्वेक्षणाच्या खांबापासून ग्रिड उत्तरेच्या (नकाशावरील उभ्या रेषांच्या दिशेच्या) संदर्भाने २३१ अंशांवर १५० मीटर चालायचे आणि मग २८२ अंशांवर वळायचे. पहिला टप्पा चुकला तर उजव्या हाताला गार्डीलू घळीचा कडा आहे, आणि दुसरा चुकला तर डावीकडे फाइव्ह फिंगर घळ. १५० मीटर म्हणजे आपली किती पावले, हे आधीच सपाटीवर मोजलेले असेल तरच या आकड्यांचा उपयोग होतो. मोबाइलमधील नकाशा सोबत जरूर असावा, पण थंडीत बॅटरी भराभर उतरते आणि ओल्या हातमोज्यांना पडदा दाद देत नाही. कागदी नकाशा आणि होकायंत्र त्याच्या जोडीला हवेतच.

एवढे करूनही अपघात झालाच तर फोन कसा करायचा, हे नेमके ठाऊक असावे. ९९९ किंवा ११२ लावून आधी पोलीस मागावेत आणि मग माउंटन रेस्क्यू. अनेक जण सवयीने रुग्णवाहिका मागतात आणि तिथे वेळ जातो, कारण डोंगरातील शोध आणि बचावाचे समन्वयन पोलिसांकडे असते व बचाव पथकाला तेच बोलावतात. ग्रिड संदर्भासह (नकाशावरील चौकटींच्या आकड्यांसह) ठिकाण, किती जण आहेत, कोणाला काय लागले आहे, जवळ कोणते साहित्य आहे, तिथले हवामान आणि फोन नंबर, हे बोलण्यापूर्वी कागदावर लिहून घ्यावे. स्वतःच्या कंपनीचा सिग्नल नसला तरी दुसऱ्या नेटवर्कवरून आपत्कालीन फोन लागू शकतो. बोलण्याइतका सिग्नल नसल्यास ९९९ ला लघुसंदेशही पाठवता येतो, परंतु त्यासाठी ‘रजिस्टर’ हा शब्द इंग्रजीत त्याच क्रमांकावर पाठवून आधी नोंदणी केलेली असावी लागते. हे काम आजच उरकावे. बचाव पथक कधी कधी संदेशातून एक दुवा पाठवते. तो उघडला की आपले ठिकाण त्यांना कळते. एकदा ठिकाण सांगितले की, धोका नसेल तर तिथून हलू नये.

फोन अजिबात लागत नसेल तर मिनिटभरात सहा वेळा शिट्टी वाजवावी, एक मिनिट थांबावे आणि पुन्हा तेच करावे. रात्री हेच विजेरीच्या उघडझापीने करावे. उत्तर म्हणून तीन शिट्ट्या आल्या तरी थांबू नये, कारण पथकाला नेमक्या जागी पोहोचण्यासाठी त्याच आवाजाचा माग काढावा लागतो. हेलिकॉप्टर आले तर मदत हवी असल्याची खूण म्हणून दोन्ही हात वर तिरके ताणून उभे राहावे.

माउंटन रेस्क्यू इंग्लंड अँड वेल्स आणि स्कॉटिश माउंटन रेस्क्यू या मध्यवर्ती संस्थांखालील बहुतांश पथके स्वयंसेवकांची आहेत. आपला फोन गेला की कोणी कचेरीतून, कोणी अंथरुणातून उठून निघते, त्यामुळे पथक पोहोचायला काही तास लागू शकतात आणि तेवढा वेळ जखमी माणसाला जमिनीच्या गारठ्यापासून दूर, कोरडा आणि उबदार ठेवण्याचे साहित्य आपल्याच पाठीवर असायला हवे. या पथकांकडे वेदनाशमनासाठी मॉर्फिन असते, त्याचा इतिहासही सांगण्याजोगा आहे. १९२८ मध्ये इंग्लंडमधील लॅडो रॉक्स या कड्यांवरून पडून जखमी झालेल्या एका गिर्यारोहकाला वेदनाशामकाशिवाय खाली आणावे लागले. त्याचे हाल पाहिलेले मँचेस्टरचे शल्यचिकित्सक विल्सन हे (Wilson Hey) यांनी परवानगी नसताना बचाव केंद्रांना मॉर्फिन पुरवले, त्यासाठी दंडही भरला, आणि अखेर १९४९ मध्ये सरकारने ते ठेवायला मान्यता दिली. पथके मोठ्या प्रमाणावर देणग्यांवर चालतात. पथकात दाखल होण्याची इच्छा असेल तर त्या भागात राहणारा आणि डोंगरात स्वतःपुरता पूर्ण सक्षम असणारा माणूस त्यांना हवा असतो. डोंगर चालायला शिकण्याची ती जागा नव्हे.

निघताना वाट आणि परतीची वेळ कोणाला तरी सांगून जावे, आणि उशीर झाला तर त्या व्यक्तीने किती वाजता पोलिसांना कळवायचे, हेही ठरवून द्यावे. मदत मागितल्यानंतर आपण स्वतःच सुखरूप खाली उतरलो, तर सर्वांत आधी पोलिसांना तसे कळवावे, अन्यथा पथक रात्रभर रिकाम्या डोंगरात आपला शोध घेत राहते.