खड्ड्यात हरवणारा पॉइंट: हद्दीचा खांब मिलिमीटरमध्ये बसवण्याची साइटवरची रीत

टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने) हद्दीचा पॉइंट काढला, खुंटी ठोकली, खुंटीवर खिळा मारला. इथवर सगळं अचूक असतं. मग त्याच खुंटीच्या जागी दीड फूट रुंद खड्डा खणावा लागतो आणि पॉइंट हवेत जातो. पुण्याजवळ वाघोली-सासवडकडच्या प्लॉटिंगमध्ये खांब दोन-तीन सेंटिमीटर सरकलेले सापडतात, तेव्हा बहुतेकदा मोजणी बरोबर असते आणि चूक या खड्ड्यात झालेली असते.

आधी एक खुलासा. हद्द कुठे आहे हे ठरवणं भूकरमापकाचं (सरकारी मोजणीदाराचं) काम. इथे सांगितलंय ते त्याने दाखवलेला किंवा मंजूर लेआउटमधला पॉइंट पक्का कसा करायचा एवढंच. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 प्रमाणे हद्दीच्या खुणा सांभाळण्याची जबाबदारी जमीनधारकावर आहे, त्यामुळे खांब नीट बसवणं त्याच्याही हिताचं.

मूळ युक्ती गवंड्यांचीच आहे. लाइनआउटला (जमिनीवर पायाची आखणी करताना) ते पायाच्या बाहेर बुर्जी (छोटे खांब) बांधून सेंटर लाइन जपतात, तसाच पॉइंट खड्ड्याबाहेर काढून ठेवायचा. खुंटीपासून दीड मीटरवर (काळ्या मातीत दोन मीटरवर, कारण तिथे खड्ड्याची कड ढासळते) समोरासमोर दोन जागा घ्या आणि त्यांना काटकोनात आणखी दोन. प्रत्येक जागी 12 मिमी सळईचे 75 सेंमीचे दोन तुकडे एक फुटाच्या अंतराने ठोका आणि त्यांना बाइंडिंग वायरने लाकडी पट्टी आडवी बांधा. पट्टी जमिनीपासून वीतभर वर असली की पुरे. एकच सळई ठोकून तिच्या डोक्यावर खूण करू नका. घणाने ठोकलेली सळई हवी तिथे कधीच जात नाही. पट्टीवर मात्र खिळा डावी-उजवीकडे सरकवता येतो.

आता गवंड्याचा नायलॉन दोरा समोरासमोरच्या दोन खिळ्यांवर ताणा. दोऱ्याला ओळंबा जेमतेम टेकवून धरा आणि त्याचं टोक खुंटीवरच्या खिळ्यावर येईपर्यंत पट्टीवरचे खिळे सरकवा. दुसरा दोराही तसाच. दोघांत उभं अंतर 3 ते 5 मिमी ठेवा. एकमेकांवर टेकले तर खालचा वरच्याला ढकलतो. दोन्ही पट्ट्या एका लेव्हलला नसल्या किंवा दोऱ्याला झोळ आला तरी बिघडत नाही, कारण झोळ उभ्या पातळीत पडतो, आडवा नाही. आडवा ढकलतो तो वारा. म्हणून हे काम सकाळी दहाच्या आत उरका. मे महिन्यात दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की दोरा गुणगुणायला लागतो, तेव्हा थांबलेलं बरं.

दोन दोऱ्यांतला कोन काटकोनाच्या जवळ हवा. प्रत्येक दोऱ्यात 1 मिमी चूक धरली तर 90 अंशांवर छेदबिंदू साधारण 1.4 मिमी हलतो, 30 अंशांवर 2.8. झाड किंवा कंपाउंड आड आलं तर 60 अंशांपर्यंत चालवून घ्या, त्याखाली नको.

बहुतेक जण इथे थांबतात. तिसरा दोरा कुणी लावत नाही, आणि तोच सगळ्यांत महत्त्वाचा. दोन दोरे कुठेतरी छेदणारच. मजुराचा पाय लागून एक पट्टी 10 मिमी सरकली तरी ते छेदतात, फक्त चुकीच्या जागी, आणि कुणाला कळत नाही. कर्णाच्या दिशेने तिसरा दोरा त्याच खिळ्यावरून नेला असेल तर काहीही हललं की लहानसा त्रिकोण दिसतो. पाच मिनिटांचं जास्तीचं काम आहे.

सगळे दोरे सोडा, पुन्हा ताणा, ओळंबा पुन्हा त्याच खिळ्यावर आला तरच कुदळ उचला. खणलेली माती दोन दोऱ्यांमधल्या एकाच चौकोनात टाका, पट्ट्यांवर नको.

किती खोल? काळ्या मातीत मुरूम लागेपर्यंत. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वरवर बसवलेला खांब होडीसारखा हलत राहतो. तळ रुंद आणि तोंड अरुंद ठेवा. वरच्या बाजूला काँक्रीट छत्रीसारखं पसरलं तर फुगणारी माती तेच उचलते. वरच्या 45 सेंमीला खांबाभोवती जरा मोठा पीव्हीसी पाइप घालून मधल्या फटीत कोरडी वाळू भरली की मातीची पकड सुटते. तळाशी दोन-तीन मुठी लोणारी कोळसा आणि कौलांचे तुकडे पसरा. जेसीबीने खांब उपटून नेला तरी काळा डाग जागा सांगतो, आणि कोळसा कुजत नाही.

जागेवर ओतायचा असेल तर 30 सेंमी व्यासाच्या, 60 सेंमी खोल खड्ड्याला सुमारे 42 लिटर काँक्रीट लागतं. 1:1.5:3 (सिमेंट, वाळू, खडी) च्या मिश्रणाला सिमेंट साधारण 17 किलो आणि पाणी 8 ते 9 लिटर. पाणी वाढवलं तर काम सोपं होतं आणि खांब भुसभुशीत. तयार खांब आणणार असाल तर 15 बाय 15 बाय 90 सेंमीचा खांब जवळपास 49 किलोचा भरतो, दोन माणसं धरा.

ओल्या काँक्रीटमध्ये अचूक खूण करण्याच्या नादाला लागू नका. 50 मिमी व्यासाची स्टेनलेस किंवा पितळी चकती, खाली वाकवलेल्या सळईसकट, छेदबिंदूपासून 5 मिमीच्या आत रोवा आणि सोडून द्या. काँक्रीट बसताना चकती थोडी सरकतेच. दुसऱ्या दिवशी तिन्ही दोरे पुन्हा ताणा, ओळंबा सोडा, सेंटर पंचने आधी हलकी टिचकी, परत तपासणी, मगच घाव. वाऱ्यात ओळंबा स्थिर होत नसेल तर कापलेल्या बाटलीत पाणी घेऊन त्यात बुडवा, झोके लगेच मरतात. दोरा स्थिर झाला की लहान गुण्या चकतीवर उभा करून दोन बाजूंनी त्याला भिडवा आणि तिथून खूण उतरवा. पंच चुकला तर शेजारी दुसरं भोक पाडू नका. एका चकतीवर दोन भोकं म्हणजे पुढच्या पिढीसाठी भांडण. चकती घासा किंवा बदला.

बावधन-कात्रजकडे खड्ड्याचा प्रश्न येत नाही, कातळच लागतो. पण तो खरंच कातळ आहे का ते बघा. इथला बेसाल्ट झिजताना गोल गोटे सुटतात आणि मुरमात रुतलेला गोटा वरून कातळासारखाच दिसतो. हातोडा मारा: खणखणीत आवाज हवा. बद्द आवाज आला किंवा पहारीने हलला तर तो सोडा. मग खुणेची सळई चिकटवायला आधी 6 मिमीचं पायलट भोक, नंतर 12 मिमीचं, 75 मिमी खोल. लाकडी फळीला आधीच भोक पाडून ती पायाखाली दाबून धरली की बिट घसरत नाही. भोकातली धूळ फुंकून काढा, नाहीतर इपॉक्सी (सळई चिकटवायचा गोंद) दगडाला न चिकटता धुळीला चिकटतं.

शेवटची तपासणी टोटल स्टेशन दुसऱ्या जागी लावून, दोन्ही फेसवर (दुर्बीण सरळ आणि उलटी फिरवून). पोलवरचा प्रिझम (टोटल स्टेशनचा किरण परतवणारी काच) दीड मीटरवर असताना बबल (पोल उभा आहे का ते दाखवणारा बुडबुडा) कोनाच्या 10 मिनिटांनी, म्हणजे अंशाच्या सहाव्या भागाने चुकला तर पॉइंट 4.4 मिमी सरकतो. मिनी प्रिझम 10 सेंमीवर ठेवला तर तीच चूक 0.3 मिमी. प्रिझम बदलला की यंत्रातला त्याचा कॉन्स्टंटही (अंतराच्या दुरुस्तीचा आकडा) बदला, हे दरवेळी कुणीतरी विसरतं. रोव्हरचा (उपग्रहांवरून जागा काढणाऱ्या यंत्राचा) एक फिक्स सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा असतो, तो जागा शोधायला ठीक, पंच मारायला नाही. टेपने अंतर तपासणार असाल तर स्टीलचाच घ्या. 20 अंश सेल्सिअसला प्रमाणित केलेला 30 मीटर टेप उन्हात 50 अंशांवर गेला की सुमारे 10 मिमी लांबतो. फायबरचा टेप ओढाल तसा ताणतो, त्याचा इथे उपयोग नाही.

सात दिवस ओलं गोणपाट टाका. तोवर पट्ट्या हलवू नका, त्यांना लाल कापड बांधा. खांबापासून तीन पक्क्या वस्तूंची (भिंतीचा कोपरा, विहिरीचं कठडं, विजेचा खांब) अंतरं लिहून फोटोसह ठेवा. काळ्या जमिनीतला खांब ऑक्टोबरात, पावसाळा सरल्यावर, पुन्हा मोजा. 5 मिमीपेक्षा जास्त फरक आला तर पंच हलवू नका. फरक आणि तारीख नोंदवा, खांब काढा आणि मुरमापर्यंत खोल जा.