शेतकऱ्याला पैसे देऊनही सरोवर हिरवंच? या चुका टाळा

ऑगस्ट 2014 मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात आदेश निघाला: नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनही नको. इरी सरोवरातल्या निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष पाण्यात उतरलं होतं. त्या शेवाळाला स्फुरद, म्हणजे खतातलं फॉस्फरस, पुरवत होती मका-सोयाबीनच्या शेतांतून येणारी मॉमी नदी. 2019 पासून ओहायो राज्य ‘एचटूओहायो’ योजनेतून शेतकऱ्यांना हे स्फुरद शेतातच रोखण्याचे पैसे देतं. हे योग्यच आहे. खताचा खर्च आणि पिकाची जोखीम एकट्या शेतकऱ्याने का सोसावी? पण पैसा चुकीच्या कामावर गेला तर पाणी सुधारत नाही.

माती अडली म्हणजे स्फुरद अडलं, हा सगळ्यांत महागडा गैरसमज. विनानांगरट शेतीने तिथली धूप कमी झाली, ते चांगलंच झालं. पण वरून फोकलेलं खत मातीत मिसळेना. वरच्या थरात स्फुरद साचत गेलं, पावसात विरघळलं आणि निचऱ्यासाठी जमिनीखाली पुरलेल्या नळ्यांतून थेट ओढ्यात गेलं. 1990 च्या दशकाच्या मध्यापासून मॉमीत विद्राव्य स्फुरद वाढलं, आणि शेवाळाला नेमकं तेच लगेच मिळतं. म्हणून खत पेरून, मुळांजवळ देण्याचे पैसे द्या. नुसतं धूपनियंत्रण पुरणार नाही.

दुसरी चूक, सरसकट एकरी दर. काही थोड्या शेतांतूनच बरंचसं स्फुरद वाहतं. आधी माती परीक्षण करा, मग पैसे ठरवा. व्हर्माँट राज्यात तर जितकं स्फुरद कमी होईल त्या हिशोबाने, पौंडावर मोबदला मिळतो.

शेणखत विसरू नका. पातळ शेणखत लांब नेणं परवडत नाही, म्हणून ते गोठ्याजवळच्याच शेतात वर्षानुवर्षं पडतं. तिथे वाहतुकीला मदत द्यावी, असं मला ठामपणे वाटतं.

दोन वर्षांत फरक दिसला नाही म्हणून योजना गुंडाळू नका. मातीत दशकानुदशकं साचलेलं स्फुरद हळूहळूच सुटतं. शिवाय इरीत शेवाळ किती माजेल ते मुख्यतः मार्च ते जुलैमध्ये मॉमीतून येणाऱ्या स्फुरदावर ठरतं. पावसाळी वर्षाची कोरड्या वर्षाशी तुलना केली तर चांगली योजनाही नापास ठरेल.

आणि आराखडा कार्यालयात बसून आखू नका. न्यूयॉर्क शहराने 1990 च्या दशकात आपलं पिण्याचं पाणी जिथून येतं त्या कॅट्सकिल डोंगरातल्या शेतकऱ्यांना पैसे देताना कारभार त्यांच्याच परिषदेकडे सोपवला. प्रत्येक शेताचा आराखडा त्या शेतकऱ्यासोबत बसून तयार होतो.