सापाची पेटी आणि बुरशी: खानापूरचं वेगळं, अथणीचं वेगळं

बॉल पायथनच्या (घरी पाळतात त्या परदेशी अजगराच्या) पेटीत रोज पाणी फवारा, असं जो तो सांगतो. आमच्या बेळगावकडच्या खानापुरात जून ते सप्टेंबर तसं करून बघा की! कपाटातल्या चपलांना बुरा येतो तिथं पेटीत अंथरलेलं ओलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) कसं टिकेल? उलट अथणीचा माझा मावसभाऊ कॉर्न स्नेक हा दुसरा परदेशी साप पाळतो; त्याच्याकडे उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी की सापाची कात तुकड्यातुकड्यानं निघते. तेव्हा बाटली खाली ठेवा, आधी आर्द्रता मोजा.

हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं यंत्र, डिजिटल घ्या आणि तपासून घ्या. बाटलीच्या टोपणात मीठ घाला, थेंबभर पाण्यानं नुसतं ओलसर करा आणि हायग्रोमीटरसोबत घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५ टक्के दिसायला हवेत. नसतील तर जो फरक येईल तो पुढे धरून चला. बॉल पायथनला साधारण ५५ ते ७० टक्के पुरतात, कॉर्न स्नेकला ४० ते ६०.

दमटपणा हवेत हवा, सापाच्या पोटाखाली नको. अंथरूण सतत ओलं राहिलं की पोटाचे खवले तपकिरी-लाल पडून सडायला लागतात. म्हणून पाणी घालायचंच तर कोपऱ्यातून खालच्या थराला, वरचा थर कोरडा. पावसाळ्यात तेही बंद. पाण्याचं भांडं हीटरकडच्या गरम बाजूला असेल तर थंड बाजूला सरकवा आणि समोरासमोरच्या भिंतींना, एकीकडे खाली तर दुसरीकडे वर, भोकं पाडा. हीटर मात्र बंद करू नका. गारठा आणि ओल एकत्र आली की सापाची छाती भरते. तोंड उघडून श्वास, शिट्टीसारखा आवाज किंवा तोंडात फेस दिसला तर थेट जनावरांच्या डॉक्टरकडे.

कोकोपीट मे महिन्यातच उन्हात खडखडीत वाळवून झाकणाच्या डब्यात भरून ठेवा. मी तर पाऊस लागला की सरळ वर्तमानपत्रावर येतो. दिसायला गचाळ, पण ओल लगेच कळते आणि रोज बदलता येतं. सुताराकडचा भुसा फुकट मिळतो म्हणून आणू नका. देवदार-चीडच्या राळेचा वास सापाला बाधतो.

बुरशीचा लहान ठिपका असेल तर भोवतालच्या अंथरुणासकट उचलून टाका. कुबट वास येत असेल तर सगळंच बदला. साप झाकणाच्या हवेशीर टबात हलवा, पेटीला एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी दहा मिनिटं लावून ठेवा, मग वास पूर्ण जाईपर्यंत धुऊन वाळवा. ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो.

हे सगळं परदेशी सापांसाठी. धामण, नाग, आपला अजगर घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे आणि बॉल पायथनचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते.

अथणीकरांनी अख्खी पेटी भिजवू नये. सापाचे डोळे दुधाळ-निळे झाले की झाकणाला भोक पाडलेल्या डब्यात ओलं शेवाळ (मॉस) भरून आत ठेवा. कात निघाली की डबा बाहेर काढून धुवा, नाहीतर पुढची बुरशी त्यातच धरते.